पुस्तकातली खोडलेली ओळ

आमच्या पांढुर्ण्यातला सरकारी मास्तर देवाला भीत नसे तेवढा बस्तरला भ्यायचा. साहेबाची मर्जी फिरली की बदली बस्तरला, मध्य प्रदेशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या जंगलात, हे ठरलेलंच. त्र्याऐंशी साली मी तर जीव मुठीत धरूनच नोकरी करत होतो. बायकोला सहावा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती, आणि डॉक्टरांनी तिला खाटेवरून हलू नका म्हणून बजावलं होतं. तिची आई तिगावहून पॅसेंजरनं यायची, भाकरी टाकून जायची. बस्तरला कोण येणार होतं?

पण फिजिक्स म्हटलं की माझी अक्कल गहाण पडायची. त्या वर्षी रेडिओवर बातमी ऐकली, युरोपात एक नवा कण सापडला. आमच्या गोटमारीच्या जत्रेत दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, तसे कणांवर कण आदळवायचे, त्यातून हा भलताच जड कण निघायचा आणि निघताक्षणी मरायचा. मागे उडालेल्या तुकड्यांवरूनच त्याला ओळखायचं. मी नाचायचाच बाकी होतो. अकरावीच्या वर्गात गेलो न् सांगितलं, "पोट्टेहो, सूर्य जळून राहिला त्यामागं एक बल आहे, आणि आपला बल्ब लागते त्यामागं दुसरं. ही दोन्ही मुळात एकच, असं काही लोक म्हणत होते. घ्या, पुरावा सापडला!"

पुस्तकात छापलं होतं, असा कण अजून मिळालेला नाही. "खोडा ती ओळ," मी म्हणालो. पोरांनी हौसेनं शाई ओतून खोडली. ती पुस्तकं शाळेची होती, सरकारी शिक्क्याची, गरीब पोरांना वर्षभर वापरायला दिलेली. हे माझ्या ध्यानातच नाही आलं! घरी सांगितलं तर बायकोनं कपाळाला हात लावला. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. साहेबानं पाहिलं म्हणजे?"

झालं, तिथून माझी झोप उडाली. रस्त्यावर जीप वाजली तरी मी खिडकीशी धावायचो.

पोळ्यानंतर छिंदवाड्याहून तपासणी आली. साहेबांनी पहिल्या बाकावरचं पुस्तक उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळ्यांत तीच ओळ काळी. "ये किसने करवाया?"

माझी पाचावर धारण बसली. "मी सांगितलं साहेब, आणि बरोबर तेच सांगितलं," एवढंच म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं. मग बायकोची खाट डोळ्यांपुढे आली आणि मी मूग गिळून उभा राहिलो. आख्खा वर्ग माझ्याकडे पाहत होता.

मागच्या बाकावरची मुलगी उठली. सावरगावची, संत्र्याच्या बागेतल्या रखवालदाराची पोरगी. माझ्या घरचं गावाला ठाऊक होतं, तिलाही असणार. "म्या खोडलं साहेब. सगळ्यायच्या पुस्तकात म्याच खोडलं."

साहेब माझ्याकडे वळले. "आपको मालूम था?"

"नहीं, साहब," मी म्हणालो.

तिचं पुस्तक काढून घेतलं, बापाला बोलावणं गेलं. बाप हेडमास्तरांपुढे हात जोडून म्हणाला, "चुकलं जी. पुरं झालं तिचं शिकणं." मी तिथंच उभा होतो. दिवाळीनंतर ती शाळेत दिसली नाही. तिच्या घरी जायची हिंमत मला कधीच झाली नाही.

माझी बदली झाली नाही. त्याच हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली, धडधाकट. ती अकरावीत गेली तेव्हा फिजिक्स मीच शिकवलं. तिच्या पुस्तकात आता कण सापडल्याचं छापलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "बाबा, मी जन्मली त्याच वर्षीचं आहे हे! तुम्ही तेव्हा वर्गात सांगितलं असंल ना?"

मी तिलाही "नाही" म्हणालो.