मेव्हण्याचा उजवा गुडघा

माझ्या मेव्हण्याचं करिअर मी संपवलं, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, ती त्याचीच बहीण. चाळिशी उलटून गेली, आता सांगून टाकतो. पण आधी तो माणूस समजून घ्या. असा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही आणि होऊ नये, अशी निदान मंगळवार बाजाराची तरी इच्छा आहे.

तो अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक रनिंग बॅक आहे. म्हणजे होता. लांबुळका चेंडू काखेत दाबून पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी आपल्याला जमिनीत गाडायचं, या कामाचा त्याला पगार मिळायचा. आपल्याकडं अशी एक लीग निघाली होती. तिच्या लोकांनी आम्हा दोघा मित्रांना कबड्डीच्या मैदानावरून उचललं, त्याला वेगासाठी आणि मला रुंदीसाठी. लीग एक हंगाम टिकली, त्याचं करिअर चार सामने. पण तेवढ्यावर गडी आजतागायत पळतो आहे. आता तो चादरींच्या दुकानात कामाला आहे; गिऱ्हाइकानं चादर मागितली की ती छातीशी कवटाळून गठ्ठ्यांमधून नागमोडी येतो. बाजारात काखेत भोपळा घेऊन माणसांमधली फट शोधत निघाला की भाजीवाल्या मावश्या टोपल्या मागं ओढतात. "फट दिसली की इचार करायचा न्हाय दाजी, घुसायचं," हे त्याचं तत्त्वज्ञान. माझ्या मुलाच्या बारशाला त्यानं बाळ असं काही काखेत धरलं की जमलेल्या बायका एकदम किंचाळल्या. तो दुखावला. "वरडता कशाला? चार सामन्यांत एकदा बी चेंडू सोडला न्हाय मी!" लीग बुडाली तेव्हा हेल्मेट तेवढं त्याच्याकडं राहिलं, आणि तेच घालून तो स्कूटर चालवतो. सात रस्ता चौकात एकदा हवालदारानं अडवलं.

"तोंडाला जाळी कशाला रे? चावतोस का?"

"न्हाय साहेब, अमेरिकन हाय."

"कोण? तू का हेल्मेट?"

"दोगं बी, साहेब."

हवालदारानं हात जोडले आणि जाऊ दिलं.

आता माझं. संघात मला एकच काम होतं: त्याच्या पुढं पळायचं आणि अंगावर येईल त्याला अडवायचं. चौथ्या सामन्यात ट्रॅक्टरएवढा एक गडी समोरून आला आणि मी बाजूला झालो. कबड्डीची सवय, अंग आपोआप हुकवतं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. तसं काही नव्हतं. मी घाबरलो. मागून गुडघ्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तो आडवा, आणि चेंडू काखेतच.

मन खायला लागलं म्हणून मी रोज दवाखान्यात डबा घेऊन जाऊ लागलो. त्याच्या आईनं महिनाभर ते पाहिलं, "एवढं मायाळू पोरगं शोधून मिळायचं न्हाय" म्हणाली आणि मुलगी दिली. भित्रेपणाला इतकं घसघशीत बक्षीस मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

थंडीत त्याचा गुडघा आखडतो. परवा तेल चोळत बसला होता. एकदम म्हणाला, "दाजी, तुमी त्या दिवशी बाजूला होऊन मला जागा केली होती की. मलाच फट दिसली न्हाय. लई येळा आठवतं. चूक माझीच."

आत त्याची बहीण चहा गाळत होती. मी तेलाची वाटी त्याच्याकडं सरकवली आणि म्हणालो, "जरा खाली चोळ."

इतकी वर्षं माझी चूक तो स्वतःच्या नावावर घेऊन लंगडतो आहे. तू बरोबर पळालास, फट नव्हतीच, मी भ्यालो, एवढंच मी त्याला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.