अखंड दिवा, सकाळी नऊ ते साडेचार सोडून

घाबरणं हा आमच्या संसारातला पहिला समान छंद. बाकी कशातच आमचं जमत नव्हतं. त्याला पंखा पाचवर लागायचा, मला दोनवर. तो पुण्याचा, मी मुंबईची, त्यामुळे चहात साखर किती यावरही रोज तह करावा लागायचा. पण घाबरायला मात्र आम्ही एकदम, एका सुरात घाबरायचो.

आणि तशी सोयही होती. गुडगावच्या पुढे, मानेसरच्या बाजूला एका नव्याकोऱ्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आम्ही घर घेतलं होतं. अख्ख्या टॉवरमध्ये माणसं राहायला आलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. लिफ्टमध्ये आपण एकटे असलो तरी ती सातव्यावर थांबायची, दार उघडायची, न दिसणाऱ्या कोणाला तरी आदराने आत घ्यायची आणि मग पुढे निघायची. ऑक्टोबर लागला तशी हवा धुरकट झाली. समोरचे अर्धवट बांधलेले टॉवर सकाळी असायचे आणि संध्याकाळी नसायचे. मी रोज बाल्कनीतून ते मोजायची.

त्यातच सासूबाईंचा पुण्याहून फोन आला.

"आता घर झालंय तुमचं. यंदापासून घट तिकडेच बसवा. माझे गुडघे रिटायर झालेत."

"आई, मला नाही जमायचं हो."

"न जमायला काय आहे? माती, सात धान्यं, कलश, रोज एक माळ. आणि दिवा. नऊ दिवस अखंड हं. आमच्या घरात तो कधी विझलेला नाही."

विझला तर काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. न सांगण्यातच खरी कला होती. मी तेव्हा नास्तिक होते, पण भित्री नास्तिक. नवरा मात्र पूर्ण आस्तिक. दिवसभर कारखान्यात यंत्रांची मापं काढणारा हा इंजिनिअर घरी आला की देवासमोर लहान मूल व्हायचा.

पहिली माळ रविवारी आली. हॉलच्या कोपऱ्यात, नव्या पडद्यांच्या शेजारी, आम्ही घट बसवला. विड्याच्या पानांची माळ सोडली, झेंडू वाहिला, दिवा लावला. मग दोघंही त्याच्यासमोर बसून राहिलो, अतिदक्षता विभागाच्या बाहेर नातेवाईक बसतात तसे. पंखा बंद. त्या दिवशी पाच विरुद्ध दोन हा वादही थांबला, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस. तो साडेसहाला कंपनीच्या बसने गेला. मी नऊला कुलूप लावलं, खाली उतरून शेअर ऑटोत बसले, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर पडदा पेटला होता. पडद्यावरून ज्वाळा सोफ्यावर आल्या. सोफ्यावरून स्वयंपाकघरात, सिलिंडरकडे. सिलिंडर फुटायच्या आत मी ऑटो थांबवली आणि धावत परत आले.

"मॅडम, कुछ भूल गईं?" गेटवरच्या गार्डने विचारलं.

"हां भैया, गैस।"

वर आले. दिवा अगदी शहाण्यासारखा जळत होता. मी त्याच्यासमोर उभी. एकीकडे देवी, दुसरीकडे आग. दोघींचीही भीती वाटत होती, पण आग जास्त ओळखीची वाटली. मी हात जोडले आणि दिवा मालवला. फुंकर नाही मारली हं! फुंकरीने दिवा विझवायचा नसतो एवढे संस्कार माझ्यावर होते. झेंडूच्या ओल्या फुलाने अलगद वात दाबली. पाप करायचंच, तर निदान रीतसर.

अकरा वाजता मीटिंगमध्ये बसलेली असताना माझ्या गुन्ह्यातली चूक लक्षात आली. घरी आधी तो पोचतो. साडेचारला. मी सातला. विझलेला दिवा पहिल्यांदा त्यालाच दिसणार! त्यानंतर मीटिंगमध्ये काय ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही.

सातला दार उघडलं. दिवा जळत होता. शेजारी नवरा चहा पीत बसला होता.

"दिवा ठीक होता ना?" मी सहज विचारलं. म्हणजे सहज वाटेल असं.

"बिल्कुल. का गं?"

"काही नाही."

तर याने गुपचूप परत लावला होता! मी त्याचा असा अर्थ काढला की, याला कळलं, आणि हा समंजसपणे गप्प बसला. किती आधुनिक नवरा मिळाला आपल्याला, असं वाटून मी त्या रात्री त्याच्या आवडीची भेंडी केली. मग तिसऱ्या माळेला सकाळी मी मालवला, दुपारी त्याने लावला. चौथ्या माळेलाही तेच. मला वाटलं, न बोलता छान ड्युट्या लागल्या आहेत.

चौथ्या माळेच्या संध्याकाळी तो तापाने फणफणला.

त्या आठवड्यात सोसायटीत डासांसाठी धूर मारणारी गाडी रोज फिरत होती. दिल्लीकडे शरद ऋतूची चाहूल चांदण्याने लागत नाही, या गाडीने लागते. रिपोर्ट आला. डेंग्यू. डॉक्टर म्हणाले, "पाणी, नारियल पानी, ओआरएस, दिनभर पिलाते रहो। प्लेटलेट्स गिरेंगे। पेट में दर्द हो, मसूड़ों से खून आए, तो सीधे अस्पताल।"

सासूबाईंना कळवायचं नाही, असं त्याने फर्मान काढलं. फोन आला की आम्ही दोघं आळीपाळीने ठणठणीत आवाज काढायचो.

आता दिव्याला चोवीस तास राखण होती, कारण मी सुट्टी घेतली होती. दिवा उत्तम जळत होता. नवरा विझत होता. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणून तो पापण्या उघडायचा नाही. सहाव्या माळेला त्याच्या हातांवर लाल ठिपके उठले. रोज रिपोर्ट, रोज आकडा खाली. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी, मजल्यावरच्या आमच्या एकमेव शेजारीण, पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बेटा, बकरी का दूध मिल जाए तो देख लो।" मी घाबरून खरंच बकरी शोधायला निघाले होते. मोठ्या रस्त्यावर भेटलेल्या एका बकरीवाल्याने सांगितलं की सध्या सगळ्या बकऱ्या बुक आहेत.

पण सगळ्यात भयंकर हे होतं की तो पाणी पीत नव्हता. ग्लास तोंडाशी नेला की मान वळवायचा. घोटभर गेलं तर नशीब. सातव्या माळेला दुपारी डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत असंच राहिलं तर भरती करा. घरी येऊन मी त्याच्या उशाशी बसले.

"अरे, पी ना. एक घोट."

"राहू दे."

"राहू दे काय? मरायचंय का?"

त्याने डोळे उघडले. "आईला बोलावून घे. एकदा बघू दे तिला."

"असं काय बोलतोस, यार?"

"तुला सांगणार नव्हतो," तो म्हणाला, "तू घाबरली असतीस. दिवा टिकत नाहीये या घरात. मी तीन दिवस कामावरून आलो, आणि तिन्ही दिवस तो विझलेला होता. तेल भरलेलं, वात चांगली, खिडक्या बंद. वारा नाही, काही नाही. तरी विझलेला. मी परत लावायचो, आणि तू यायच्या आत चहा घेऊन बसायचो. आमच्याकडे कधी झालं नाही असं. आणि मग हा ताप. आता त्या पाण्याने काय होणार आहे?"

आता माझी अवस्था बघा. हा माणूस मला समंजस वाटत होता, आणि तो बिचारा तीन दिवस बंद घरात येऊन एकटा थरथरत होता! बायको देवीचा दिवा मालवेल हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यापेक्षा देवीच कोपली हे त्याला जास्त पटण्यासारखं होतं.

सांगितलं नाही तर तो पाणी पिणार नव्हता. सांगितलं तर? दिवा आपोआप विझणं हा अपशकुन. पण सुनेने हाताने, मुद्दाम, तीनदा? त्याला नाव तरी आहे का? माझ्या मनाच्या तळाशी बसलेली ती भित्री बया तर केव्हापासून ओरडत होती: तुझ्यामुळेच झालं हे, तुझ्यामुळेच. ते तोंडाने उच्चारायचं म्हणजे खरं करायचं. आणि तो बरा झाला नाही, तर त्याच्या आईसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहणार होते?

"मी मालवत होते," मी म्हणाले.

"काय?"

"दिवा. रोज सकाळी नऊला. आग लागेल म्हणून भीती वाटायची. मला वाटलं, तुला माहितीय."

मग त्याने विचारलं, "फुंकर मारून?"

"छे! फुलाने. झेंडूच्या."

"फुलाने," तो म्हणाला. मग कोपरावर रेटून उठून बसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. "फुलाने! अगं बये, मी तीन दिवस झोपलो नाही! लिफ्टमध्ये रामरक्षा म्हणत वर येतोय मी! शिफ्टमध्ये लोक विचारतात, क्या हुआ सर, चेहरा सफेद क्यों है! आणि तू मजेत येऊन भेंडी करतेस?"

"तुझ्यासाठीच केली!"

"आग लागो तुझ्या त्या भेंडीला!"

आरडाओरडा करून त्याचा घसा कोरडा पडला, आणि रागाच्या भरात त्याने समोरचा ग्लास उचलून घटाघटा संपवला. मी श्वास रोखून दुसरा भरला. त्यानेही तो संपवला, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी धूर्त बाई. त्या संध्याकाळी तो शांत व्हायला लागला की मी हळूच म्हणायची, "तसं तू विचारायला हवं होतंस." की तो पुन्हा भडकायचा, आणि एक नारळ पोटात जायचा.

अष्टमीला सकाळी समोरच्या आंटींनी कन्यापूजनाचा प्रसाद आणला. हलवा, पुरी, काळे चणे. डॉक्टर बघत असते तर त्यांनी आम्हाला दवाखान्यातून हाकललं असतं. त्याने अर्धी पुरी खाल्ली, माझ्याशी एक शब्द न बोलता. रिपोर्टचा आकडा त्या दिवशीही घसरला, पण थोडासा. डॉक्टर म्हणाले, उद्याचं बघू.

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. सांगितली तर मी शूर होते असं तुम्हाला वाटेल.

नवव्या माळेला लॅबच्या काउंटरवर मी रिपोर्ट घेतला, पण उघडेना. शेवटी काउंटरवरच्या मुलीने तो माझ्या हातातून काढला, वाचला आणि म्हणाली, "बढ़ गए, मैडम।" मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि पहिला फोन सासूबाईंना लावला. सगळं सांगून टाकलं. ताप, ठिपके, आकडे. दिव्याचंही.

मग त्या जे बोलायला लागल्या! सहा दिवस मुलाला डेंग्यू, आणि मला पत्ता नाही? आई आहे की कोण आहे मी? ठणठणीत आवाज काढता काय फोनवर, नाटकं करता? पाणी पितोय का तो? लघवीला होतेय का? खरं सांग! दिव्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी रडत, हसत, "हो आई, पितोय आई," करत राहिले. आजवर इतक्या आनंदाने मी कोणाची बोलणी खाल्लेली नाहीत.

घरी पोचले तर तो दार उघडायला स्वतः आला होता. भिंतीला धरून, पण उभा. माझ्या फोनमधून त्याची आई अजून कडाडत होती.

"सगळं सांगितलंस?" त्याने कुजबुजत विचारलं. चेहरा पांढराफटक.

मी मान हलवली आणि फोन त्याच्या हातात दिला.