तुपाविना हलवा

सुंदरीला किळस यायला फारसं निमित्त लागत नसे. पापनाशमच्या तालुका कचेरीत तिनं उभी नोकरी काढली, पण तिथल्या पेल्यातून चहाचा एक घोट घेतला नाही. बसमध्ये शेजारणीनं सुक्या मासळीची पिशवी मांडीवर घेतली, की ही उठायची आणि तंजावूरपर्यंत दांडीला लोंबकळत यायची. लग्न केलं नाही त्याचंही कारण गल्लीतले लोक हेच सांगत. पाहायला आलेल्या मुलानं बोट चाटलं होतं म्हणे.

असल्या बाईला वैनी मिळाली ती सिपोरा. थोरला भाऊ मुरलीकृष्ण मुंबईच्या बँकेत होता, तो ठाण्याच्या झिराडकरांची मुलगी करून बदली घेऊन घरी आला. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. सुंदरीचं घर तंजावुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांचं; मराठी बोलतात एवढ्या एका गोष्टीवर तिच्या वडिलांनी होकार दिला, आणि घरात मांसमच्छी येणार नाही एवढी एकच अट घातली. सिपोरानं ती कुरकुर न करता पाळली. सगळ्यांसारखी सांबार-भात, दही-भात खात राहिली. वर्षातून एकदा मात्र नव्याचा सण यायचा, म्हणजे तिचं नवं वर्ष, आणि तेव्हा ती गव्हाच्या चिकाचा हलवा करायची.

त्या हलव्यानं सुंदरीचा जीव नकोसा व्हायचा. आधी गहू भिजत घालायचे, ते आंबून त्यांना वास सुटेपर्यंत. मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा. तो पांढरा बुळबुळीत प्रकार बोटांवरून ओघळताना पाहिला, की सुंदरी पदर नाकाला लावून परसात जायची. आणि एवढं करून त्यात तूप नाही. नारळाचं दूध घालून तासन् तास ढवळायचं. तंजावूरच्या माणसाला तुपात न पोहणारा हलवा म्हणजे भिंतीवर कागद चिकटवायची खळच. दरवर्षी सिपोरा एक वडी तिच्यापुढे ठेवायची, आणि ती दरवर्षी, आज उपास आहे असं सांगायची. इतके उपास देवांनीसुद्धा मागितले नव्हते.

गेल्या वर्षी मुरलीकृष्ण वारला. मुलगा कार्तिकेय सिंगापुरात, त्याला मराठी कळतं पण तो उत्तर इंग्रजीत देतो. घरात दोघी उरल्या. मग सिपोराचा भाऊ हस्कल याचे ठाण्याहून फोन सुरू झाले. नवरा नाही, आपलं माणूस नाही, प्रार्थनेला जागा नाही, तिथं कशाला कुजतेस, चल घरी. सिपोरा म्हणे, माझा सण इथं होतो. शेवटी हस्कलनं सांगितलं, की या खेपेला मी येतो. आपल्या रीतीनं सण झाला आणि मी पोटभर जेवलो, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही झाला, तर तू बॅग भरायची. सिपोरानं ते कबूल केलं.

फोन स्पीकरवर होता; सुंदरीनं हे सगळं दारामागून ऐकलं. वैनी गेली तर या घरात मराठीत भांडायला तरी कोण उरणार होतं? आंबलेल्या गव्हाचा वास परवडला, पण पलीकडची खोली रिकामी नको. हे वैनीला सांगावं असं मात्र तिला सुचलं नाही. तिनं फक्त विचारलं, भावाला जेवायला काय लागतं.

भावाला कोंबडी लागत होती. ठाण्याच्या हजाननं, म्हणजे त्यांच्यात प्रार्थना चालवणाऱ्यानं, रीतीप्रमाणे कापलेली, बर्फात घातलेली. थर्माकोलचं खोकं घेऊन हस्कल तिरुचीच्या विमानतळावरून गाडी करून आला, आणि ते खोकं या घराचा उंबरा ओलांडून आत गेलं. वडिलांच्या तसबिरीकडे पाहायची सुंदरीची छाती झाली नाही. परसात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं मांडलं होतं. हिरव्या वाटणात कोंबडी रटरटू लागली, तो वास घरभर फिरला, पडद्यांत शिरला, सुंदरीच्या केसांत बसला. तरी ती नारळ खवत राहिली, दूध काढून देत राहिली. सकाळीच वैनीनं बजावलं होतं, की आज मांस आहे, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, दही-तूप पानात येता कामा नये. घरात मांस कधी नव्हतं, त्यामुळे ही रीत आजवर कुणाला आडवी आली नव्हती. सुंदरीनं दह्याचं भांडं उचलून आत ठेवलं. तुपाची तांबली मात्र पडवीच्या खिडकीत नेहमीच्या जागी राहिली. तिला कोण हलवतो?

दिवेलागणीला हस्कल मागच्या पडवीत पानावर बसला. मनुकांच्या शरबतावर त्यानं हिब्रू प्रार्थना म्हटली, सफरचंद मधात बुडवून खाल्लं, सिपोराला दिलं. कोंबडी सिपोरानं वाढली. त्यानं तांदळाच्या भाकरीबरोबर ती चवीनं खाल्ली आणि हाडं पानाच्या कडेला रचली. हाडं चोखल्याचा मचमच आवाज सुंदरीला दारात उभं राहून ऐकावा लागला. आमच्या आईच्या हातची चव आहे, असं तो म्हणाला, तेव्हा सिपोराचा चेहरा उजळला. आता हलवा राहिला होता. तो तर शाकाहारी पदार्थ, म्हणून तो वाढायला सुंदरी पुढे झाली.

तिनं वडी पानावर ठेवली. कोरडी, फिकट. आणि मग जे या घरात जन्मभर प्रत्येक पानावर, प्रत्येक जेवणाला झालं, ते झालं. या लोकांत तुपाला अन्नशुद्धी म्हणतात. तुपाचा थेंब पडल्याशिवाय पानावरचं काहीच शुद्ध नाही. सुंदरीचा हात खिडकीकडे गेला, पळी भरली, आणि पातळ तुपाची धार वडीवर पडून हाडांपर्यंत वाहत गेली.

हस्कलनं हात मागे घेतला. सिपोरा भिंतीला टेकली. हातातली पळी पाहून सुंदरीला कळलं आपण काय केलं ते, आणि त्या क्षणी तिला कोंबडीपेक्षा, चिकापेक्षा, स्वतःच्या हाताची शिसारी आली.

"बघितलंस, सिपोरा?" हस्कल शांतपणे म्हणाला. "माणसं चांगली आहेत. पण तुझा सण इथं होणार नाही."

सुंदरीनं पळी खाली ठेवली. पुढे वाकली आणि ते पान उचललं, हाडांसकट, रश्शासकट, उष्ट्यासकट. सिपोरा नको नको म्हणत उठली, तोवर ती परसात पोचली होती. पान दुमडताना रस्सा तिच्या मनगटावर ओघळला, एक हाड बोटांना लागलं. ते टोपलीत टाकून ती मोरीशी बसली आणि आतडी पिळवटून ओकली. मग तिनं शिकेकाई घेतली, साबण घेतला, राख घेतली, आणि हात लाल होईपर्यंत घासला.

ती परत आली ती कोरं पान घेऊन. ते हस्कलपुढे मांडलं, पाणी शिंपडून पुसलं. परातीतून नवी वडी काढून ठेवली. दुसरं काही वाढलं नाही. मग ओला हात त्याच्या नाकासमोर धरला. अनोळखी पुरुषाच्या ती कधी इतकी जवळ गेली नव्हती.

"हातास तूप नाही," ती म्हणाली. "वास घेऊन पाहा. चूक माझी हो, वैनींची नव्हे. त्यांस नेऊं नक्कोत."

हस्कल त्या हाताकडे पाहत राहिला. शिकेकाईखालून कोंबडीचा वास अजून येतच होता. तिच्या ओठाच्या कडेला ओकारीचा डाग राहिला होता. त्यानं मान खाली घातली, वडी मोडली आणि खाल्ली. सावकाश, सगळी.

मग म्हणाला, "अजून एक वाढा."

सुंदरीनं तोंड दुसरीकडे फिरवून त्याच हातानं वाढली.