डोळे आखताना कानात काय घालावं

"गाणी ऐकायची नसतील तर बड्स घेता कशाला?" असं रोह्याच्या मोबाइलवाल्याने मला विचारलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "ऐकायला नकोत. न ऐकायला पाहिजेत." त्याने माझ्याकडे न बघता माझ्या मुलीकडे बघितलं आणि तिला समजावून सांगितलं, की आईंना भजनं ऐकायला साधे चालतील, ते आवाज दाबणारे वगैरे पोरांची कामं. मी समोर उभी, पैसे माझ्या पर्समधले, कान माझे, आणि बोलणं चाललंय मुलीशी. पण नुसता तो मोबाइलवालाच तसा होता असं नाही. मी त्या दुकानात का गेले होते, ते आधी सांगते.

माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. सासर कासूला. सकाळच्या गाडीने मी पेणला येते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. गाडी चुकली तर मिनीडोअर रिक्षामध्ये अंग चोरून बसायचं आणि धक्के खात जायचं. बाबा गेल्यापासून कारखाना दादा बघतो. साचे, माल, कामगार, गिऱ्हाईक, सगळं त्याच्याकडे. डोळ्यांची आखणी माझ्याकडे. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून मी ती शिकले, दादा कधी बसला नाही, त्याला एका जागी बसवतच नसे. मूर्तीच्या अंगाला रंग कंप्रेसरच्या गनने मारतात, दागिने बायका रंगवतात, पण डोळे हातानेच आखायचे. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची, श्वास धरायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. चुकली तर पुसता येते. पण पुसून पुन्हा काढलेला डोळा मला दहा मूर्तींत ओळखू येतो, आणि तो दिवसभर मला छळतो.

बाबा आखणीला बसले की सगळा कारखाना गप्प व्हायचा. कंप्रेसर बंद. रेडिओ बंद. आई दारातून डोकावायची आणि जेवणाचं ताट झाकून ठेवायची. कोणी भेटायला आलं तर ओट्यावर बसून राहायचं. हे कोणाला सांगावं लागायचं नाही.

मी बसले की कंप्रेसर चालूच, कारण माल जायचा असतो. पोरांच्या मोबाइलवर रील चालू. आणि वरून हाका. "गो, बारका ब्रश कुठं ठेवलास?" "वन्सं, दूधवाला आलाय, सुट्टे हायत का?" "गो, चहा टाक." ब्रशचं टोक मूर्तीच्या डोळ्यावर असताना चहा टाक! एकदा मी दादाला सरळ विचारलं, "बाबा बसायचे तेव्हा तू हूं की चूं करायचा नाहीस. मग माझ्या वेळेलाच तुझ्या घशाला कोरड कशी पडते?" तो हसला. म्हणाला, "बाबांची गोष्ट निराळी होती गो." काय निराळी? ब्रश तोच, काळा रंग तोच, पाटसुद्धा त्यांचाच. बाबा पुरुष होते एवढंच ना? ते मात्र त्याने तोंडाने म्हटलं नाही. हसून तो साच्यांकडे गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कापूस घालून पाहिला. कापसातून कंप्रेसर आरपार येतो. माझी मुलगी रोह्याला कंपनीत जाते, शिफ्टला जाता-येता तिच्या कानात ते पांढरे बड्स असतात आणि तोंडावर अशी शांती असते की मला तिचा हेवा वाटतो. मी तिला म्हटलं, "मला पण घे." ती म्हणाली, "तू काय ऐकणार त्यात?" म्हटलं, "काय नाय. तेच तर पाहिजे." मग ती मला त्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदाराने काचेवर बरेच मांडले. पहिल्याला खाली लांब दांडी होती. मी मूर्तीसमोर वाकते तशी दुकानातच वाकून पाहिलं, तो पदरात अडकून खाली पडला. दुकानदार म्हणाला, "काकू, एवढं वाकायचं नसतं." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल, मला असतं." दुसरा जोड कानात मावेचना. माझे कान लहान, आणि त्याच्याकडे बारीक रबराच्या टोप्या होत्या, त्या तो काढायला तयार नव्हता, म्हणे सील तुटेल. तिसऱ्याला बोट लागलं की फोन उचलला जायचा. माझी बोटं सदा रंगाची, घाम पुसायला कपाळाला हात लावला तरी कोणाला तरी फोन लागायचा. शेवटी एक जोड मिळाला, बसका, बिनदांडीचा, कानात नीट रुतून बसणारा. बटण दाबावं लागायचं, नुसतं बोट लागून काही होत नव्हतं. मुलगी म्हणाली, गाडीत एकच घाल, दुसरा कान भोंग्यासाठी मोकळा ठेव. ते मला पटलं. मी ते चालू केले आणि दुकानातल्या पंख्याची घरघर गेली. रस्त्यावरून ट्रक गेलेला दिसला, आवाज मात्र लांबून आला. मला तिथेच रडू येईल असं वाटलं. दुकानदाराने विचारलं, "गाणं लावू?" मी म्हटलं, "खबरदार."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. चाकांची खडखड एका कानापुरती खाली बसली होती. समोर एक गृहस्थ चप्पल काढून, पाय वर घेऊन, मोठ्या आवाजात विनोदाचे व्हिडिओ बघत होते, आणि ते मात्र मला पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येत होते. त्यांना "आवाज कमी करा" म्हटलं तर ते म्हणाले, "तुमच्या कानात हाय ना ते? मग?" मी दातओठ खात कासूपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात दोन्ही कानांत घालून बसले. कंप्रेसर विहिरीत टाकल्यासारखा झाला. मी ब्रश उचलला, आणि पाठीमागून वहिनीचा आवाज आला, "वन्सं, कोथिंबीर आणलीत का?" इतका लख्ख, जणू कानात बोलली. जेवणाच्या सुट्टीत मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, ते एकसारखा घूं घूं आवाज मारतं. माणसांचा नाय मारत."

"मग माणसांचा मारणारे कुठं मिळतात?" मी ओरडले. तिने फोन ठेवला.

तरी मी ते घालत राहिले. कंप्रेसर गेला हेही काही कमी नव्हतं, संध्याकाळी डोकं कमी दुखायचं. आणि मुंबईचे व्यापारी शेठ माल बघायला आले, त्या दिवशी बड्स माझ्या कानांत होते. या शेठची मोठी ऑर्डर असते. दादा त्यांच्याशी नेहमी दाराशी उभा राहून बोलतो. इतकी वर्षं मी आत बसून त्यांचे नुसते ओठ हलताना बघितले होते, कंप्रेसरपुढे काही कळायचं नाही. त्या दिवशी कळलं.

शेठ म्हणत होते, "तुमच्या मूर्तींचे डोळे बघून लोक येतात आमच्याकडे."

दादा म्हणाला, "बाबांचा हात, शेठ. आता मीच आखतो. डोळ्यांना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाय."

"आणि त्या आत बसल्यात त्या?"

"बहीण हाय. चहापाणी बघते, रंगाला जरा हातभार लावते."

माझा हात तेव्हा त्यांच्याच ऑर्डरच्या मोठ्या मूर्तीवर होता. एक डोळा आखून झाला होता. आमच्यात एक डोळा आखून कोणी उठत नाही. घरात कोणी दगावलं तरी दुसरा पुरा करून मग उठायचं, असं बाबा सांगायचे. मी ब्रश दुसऱ्या डोळ्याकडे नेला, तेवढ्यात दाराकडून हाक आली, "गो बाय, शेठना चहा टाक!"

मी बड्स काढले, ब्रश पाण्यात ठेवला आणि उठले.

चहात आलं किसून घातलं, दोनदा उकळी येऊ दिली. एकही कपबशी वाजू दिली नाही. ट्रे घेऊन आले तर शेठ मूर्तीसमोर उभे होते. "अहो, हे काय? एकच डोळा?"

दादाचा चेहरा पडला. "बाय, मधेच उठलीस?"

"तू हाक मारलीस ना? चहापाणी मी बघते. डोळे तू आखतोस. आख."

तो माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर काय हे? नंतर बोलू."

"नंतर नाय."

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "वन्सं, देवाचं हाय. असं अर्धं ठेवू नये हो."

"वहिनी, ते मला माहीत नाय व्हय?" मी म्हणाले. खरं तर मूर्तीकडे मला बघवत नव्हतं. त्या एका डोळ्याने ती माझ्याकडेच बघत होती. पण मी पाटावर बसले नाही. शेठसमोर ट्रे धरून उभी राहिले. माझ्या नखांत काळा रंग होता, तो त्यांनी पाहिला, आणि कप न उचलता दादाकडे पाहिलं.

दादा दिवसभर बोलणारा माणूस. कामगारांशी, गिऱ्हाइकांशी, फोनवर, मिनिटभर तोंड मिटत नाही. तो खाली बघून "डोळे हीच आखते" असं काहीतरी पुटपुटला.

शेठनी कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

मी म्हणाले, "मोठ्याने बोल, दादा. कंप्रेसर चालू हाय."

त्याने हात लांब करून कंप्रेसरचं बटण बंद केलं. रंगवणाऱ्या बायका मान वर करून बघायला लागल्या, पोरांनी मोबाइल खाली ठेवले, आणि भरल्या कारखान्यात, सगळ्यांच्या देखत, त्याला ते पुन्हा बोलावं लागलं.