मामा आणि समोरची खुर्ची

एकट्यानं जेवायला आलेल्या माणसापुढे मामा कधीकधी पाण्याचे दोन पेले ठेवत. एक त्याच्यासाठी आणि दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याला विसर पडत असेल.

भोपाळच्या नेहरू नगरमधून कोटऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं भोजनालय होतं आणि तिथे येणारे सगळेच त्यांना मामा म्हणत. चार-पाच टेबलं, भिंतीलगत एक बाक आणि मागे स्वयंपाकघर. राजधानी हलली तेव्हा मामांचे वडील कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि मामा शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात नागपूर, भोपाळ आणि सरकारी खातं अशी तिन्ही गावं भेटत. बँकेतल्या नोकरीपायी मी नाशिकहून इथे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी ताटात पाटवडीचा रस्सा वाढून ते म्हणाले, "तिखट लागंल, बेटा. पर रडायचं नाही. इथं सगळेच बाहेरचे आहेत."

दुपारच्या सुट्टीत मी तिथेच जेवायची. दोन पेल्यांची गोष्ट हळूहळू लक्षात येत गेली. तिवारीजी नावाचे निवृत्त मास्तर रोज यायचे, त्यांच्यापुढे रोज दोन. कॉलेजच्या पोरांपुढे कधीच नाही. एकदा औषधं विकणारा एक फिरता माणूस आला. त्याला इथे कोणीच ओळखत नव्हतं. मामांनी समोर दुसरा पेला ठेवला, तसा तो म्हणाला, "कोई नहीं आ रहा, मैं अकेला हूँ."

"रहने दो. पड़ा रहेगा," मामा म्हणाले.

तो माणूस त्या पेल्याकडे बघत राहिला. अर्धं ताट टाकून उठला आणि हात धुता धुता, कोणी विचारलं नसताना मला म्हणाला, "मेरा छोटा भाई गुज़र गया, पिछले महीने." त्या दिवसापासून मी आत शिरले की आधी मामांच्या हाताकडे बघायची. माझ्यासाठी एकच पेला आला की जीव भांड्यात पडायचा.

मग एका दुपारी दोन आले.

"मामा, मी एकटीच आहे," मी म्हटलं.

"हो, हो," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. न मागता आणखी एक पोळी ताटात टाकली. "पोटभर जेव. आज जेवून घे."

ते शेजारी उभे राहिले, म्हणून मी सगळं संपवलं. बँकेत परतले तर भावाचा फोन आला. बाबा आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या गेले.

बाबांचे दिवस झाल्यावर मी नाशिकहून परत आले, पण त्या रस्त्यानं जाणं टाळलं. डबा करून न्यायला लागले. मामांची भीती वाटत होती. पुढे त्या भीतीला दुसरीच एक इच्छा येऊन चिकटली आणि मी एका दुपारी पुन्हा तिथे जाऊन बसले. मामांनी एकच पेला ठेवला.

"आज कोणी नाही?" मी विचारलं.

ते समोर बसले नाहीत, बाकावर बसले. "नाही बेटा."

"त्या दिवशी बाबा होते?"

"कोण ते मला काय माहीत. पांढरा सदरा होता. केस ओले होते. ताटाकडे पाहून राहिले होते तुझ्या. तू जेवलीस, तसे उठले."

मी बराच वेळ रडले. मामांनी थांबवलं नाही. त्यानंतर मी रोज जात राहिले, पण बाबा परत आले नाहीत. "काही रोज येतात, काही एकदाच," मामा म्हणायचे. "मी का सांगू? मी फक्त पाणी देतो. घरी आलेल्याला पाणी द्यावं लागते."

पुढे मामांचे गुडघे गेले आणि इंदूरची मुलगी त्यांना घेऊन जायला आली. शेवटच्या दुपारी टेबलं एकावर एक रचून झाली होती. तेव्हा मामा पहिल्यांदा स्वतःविषयी बोलले.

"खानावळ माझ्या बायकोला काढायची होती. मी नोकरीवाला, नाहीच म्हणत राहिलो. ती गेल्यावर काढली. म्हटलं, पाहायला तरी येईल."

"मग?"

"सगळ्यांचे आले," मामा म्हणाले. "ती नाही आली."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण ते उठून मागच्या दाराला कडी लावायला गेले.

पावसाळा संपता संपता त्यांच्या मुलीचा फोन आला. माझा नंबर मामांनीच तिला दिला होता.

"ताई, बाबा हल्ली जेवताना भांडतात," ती म्हणाली. "समोर कोणी नसतं."

"कशावरून भांडतात?"

"आमटीत गूळ फार झाला म्हणून. आई पुण्याकडची, ती घालायची. रोज यावरूनच वाजायचं दोघांचं. आता बाबा बोलतात, मध्येच गप्प होऊन ऐकून घेतात, मग हसतात. डॉक्टरला दाखवू का?"

"जेवतात नीट?"

"तेच तर. दोनदा भात घेतात."

"मग राहू द्या," मी म्हटलं.

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, आमच्याकडे आमटीत गूळ कोणीच घालत नाही. मी पण नाही. पण परवापासून ती मलाही गोड लागतेय."