मेहमान गाडी

आमच्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेची शाखा निघाली तेव्हा मी सरळ सांगितलं होतं, असल्या चहापाण्याच्या मंडळात बसायला मला वेळ नाय. वाळूजच्या रस्त्यावर माझं गॅरेज, हात दिवसभर ग्रीसमध्ये. त्यात समोरच दुसरं गॅरेज. तिथला मिस्त्री डिझेल गाड्यांचा आणि मीही डिझेल गाड्यांचाच, म्हणजे बोलणंच खुंटलं. बायको म्हणाली, जाऊन तर या, तेवढाच वेळ घरात भांडण नाय. म्हणून गेलो.

शुक्रवारी वाळूजच्या कारखान्यांना सुट्टी, रस्ता थंड. नमाज झाली की औरंगपुऱ्यात एका स्पेअरपार्टच्या दुकानाच्या माडीवर आम्ही जमायचो. खोटं कशाला बोलू, फायदा झाला. नवी इंजिनं समजावून द्यायला माणूस बोलवला तर तो सगळ्यांना मिळून परवडायचा. महागडं अवजार एकाकडं असलं की दहाजणांना मागता यायचं. पण शाखेचा खरा कायदा कागदावर नव्हताच. आपल्याच्यानं होत नसलेलं काम शाखेतल्या दुसऱ्याकडं पाठवायचं, आणि त्या गाडीला म्हणायचं मेहमान गाडी. अडलेलं काम करून द्यायचं अन् गिऱ्हाईक ज्याचं त्याला परत. मेहमानाला कुणी घरी ठेवून घेत नाय.

ऐकून मी मनात हसलो. गिऱ्हाइकापुढं लोक सख्ख्या भावाला ओळखत नायत, हे मला ठाऊक होतं.

मग पाण्याचे हाल सुरू झाले. हर्सूलचा तलाव तळाला गेला, नळ कधी येईल याचा भरवसा उरला नाय. टँकरचं पाणी प्यायला जपायचं म्हणून लोक रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतायचे. वर मलाच विचारायचे, गाडीला काय चव कळते? चव नसेल कळत, पण आत क्षाराचा थर धरतो की बाबा! जागोजागी गाड्या वाफ सोडत उभ्या, म्हणजे आमच्या धंद्याची चांदी. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात, शहर वाढलं म्हणून, आमचा रस्ता रुंद करायला काढला. पाडापाडी फक्त माझ्या बाजूची. शेड गेली, विजेचं मीटर गेलं, शटरसकट पुढची भिंत गेली. मागं उरलेल्या खोलीत अवजारं कोंबली आणि नवी भिंत उठेपर्यंत बसलो हात बांधून. समोरचा मिस्त्री मात्र शाबूत.

माझा जीव एका गिऱ्हाइकात अडकला होता. शिफ्टच्या कामगारांची ने-आण करणारा एक जीपवाला. तो पहिल्यापासून माझ्याकडं, आणि तो जिकडं जाईल तिकडं त्या रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर जायचे. तो हातचा गेला तर गॅरेज उघडून मी माश्या मारणार होतो. शाखेनं माझ्या गाड्या मेहमान म्हणून वाटून दिल्या तेव्हा त्याची जीप कुणाकडं जावी? समोरच्या मिस्त्रीकडं! जवळ पडतं म्हणे. बायकोला म्हणालो, गेला आपला जीपवाला. ती म्हणाली, जायच्या आधीच रडून घ्या तुम्ही.

समोर जीप उभी दिसायची, दोघं चहा पिताना दिसायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी भिंत उठली, वीज आली. सकाळी नारळ फोडून बसलो तर बराच वेळ कुणी फिरकलं नाय. मग समोरून मिस्त्रीची स्वतःची गाडी रस्ता ओलांडून आली आणि तिच्या मागं दोरानं बांधलेली ती जीप. स्टिअरिंगवर जीपवाला, तोंड फुगवून.

उतरल्या उतरल्या त्यानं मिस्त्रीची तक्रार मांडली. इंजिनाचं हेड गॅस्केट उडून आठवडा झाला, पण हा बाबा इंजिन खोलायलाच तयार नाय. कामगार खोळंबतील म्हटलं तर स्वतःची गाडी दिली चालवायला. इतका हट्टी माणूस त्यानं म्हणे बघितला नव्हता.

मिस्त्री फडक्यानं हात पुसत होता. म्हणाला, "रेडिएटर साफ कर दिया मैं. इंजन नै खोला. इंजन खोल्या तो गिऱ्हाईक मेराच हो जाता. मेहमान है, घर कू लाया."

बोलला ते खरं होतं. ज्याच्या हातानं इंजिन उघडलं, त्या हातावर गिऱ्हाइकाचा जन्मभराचा विश्वास बसतो. आमच्यातल्या कोणत्याही मिस्त्रीला हे ठाऊक असतं. ठाऊक असूनही त्यानं आठवडाभर इंजिनाला पाना लावला नव्हता, आणि वर स्वतःची गाडी दिली होती. मला लई बरं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाय.

जीपचं बॉनेट उघडलं. पाना मिस्त्रीपुढं धरला आणि म्हणालो, "पहिला बोल्ट तू खोल."