दुसऱ्यांदा विचारलं तर

एम.डी.च्या प्रॅक्टिकलमध्ये दुसऱ्यांदा नापास झालो, त्या दिवशी मी मेसमध्ये जाऊन पोटभर जेवलो. वांग्याची भाजी होती. एक पोळी जास्तीची मागून घेतली. लोकांना वाटतं, अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही. उतरतो. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नसलं की भूक लागतेच.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं. लेखी पेपरात मी बॅचमधल्या पहिल्या चारपाचांत असायचो, नागपुरात वाढलेल्या कित्येकांच्या पुढे. आपटायचो ते प्रॅक्टिकलला. तिथे पेशंट तपासायचा आणि परीक्षकासमोर उभं राहून तोंडी उत्तरं द्यायची. बरं, मी एकटाच आपटत होतो असंही नाही. भंडारा-चंद्रपूरकडच्या खेड्यांतून आलेले आम्ही जे काही थोडे होतो, ते बहुतेक तिथेच अडकायचे. विभागात त्याचं एक तयार उत्तर होतं, 'त्या बाजूच्या मुलांना कॉन्फिडन्स नसतो.' इतक्या वेळा ऐकलं की मलाही ते पटलं. छातीतलं पाणी कसं काढायचं ते शिकवलं, कॉन्फिडन्स म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी शिकवलं नाही. आज त्याचा राग येतो. तेव्हा तोही येत नव्हता.

मी सरकारी नोकरीत होतो. तिसऱ्यांदा परीक्षेला बसा, पण हे शेवटचं, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. म्हणजे यावेळी गेलं की एम.डी. गेलं. तोवर नेमणूक भंडाऱ्याच्या दवाखान्यात. गाडीतून वरठीला, म्हणजे भंडाऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर उतरलो तेव्हा कारखान्याची पाळी सुटली होती आणि सायकलींची रांग रस्ताभर चालली होती. मी पेटीवर बसून ती रांग संपेपर्यंत बघत राहिलो. काय बघत होतो ते माझं मला ठाऊक नाही.

दिघोरीला घरी गेलो तर बाबानं एवढंच विचारलं, "तुले येते ना सारं?"

"येते जी."

"मंग काहून नाही सांगत परीक्षा घेणाऱ्याइले?"

मी पेटी आत नेऊन ठेवली. बाबा उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते तुमसरच्या एका मिलवाल्याच्या मुलीमुळे. ही आमच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात होती, मला दोनतीन वर्षं सीनियर, आणि तिचं एम.डी. पहिल्या झटक्यात झालेलं. आवाज खणखणीत, बोलणं त्याहून. तिला मी मॅडम म्हणायचो. माझी गोष्ट कानावर गेल्यावर ती म्हणाली, "रविवारी ओपीडी रिकामीच असते. ये तिथं. मी परीक्षक बनते, पाहू तुझं घोडं कुठं अडते ते."

पहिल्याच रविवारी तिनं वॉर्डातल्या एका सिकलसेलच्या पेशंटला टेबलावर झोपवलं. आमच्याकडे हा आजार घरोघरी. मी पोट तपासलं. डाव्या बरगडीखाली वाढलेली स्प्लीन, म्हणजे प्लीहा, दोन बोटं हाताला लागत होती, अगदी सरळ केस.

"स्प्लीन लागते?" मॅडमनी विचारलं.

"लागते. दोन बोटं."

"लागते?"

"म्हणजे... नसावी बहुतेक."

तिनं स्वतः हात लावून पाहिला. "अरे, लागून तर राहिली! मंग नाही काहून म्हटलं?"

"तुम्ही पुन्हा विचारलं ना."

"मंग?"

"मंग काय. मले वाटलं, चुकलो असन."

दोन्ही परीक्षांत माझं हेच झालं होतं, हे मला त्या टेबलापाशी उभं असताना कळलं. पहिल्या वेळी हृदयातला आवाज मी बरोबर ओळखला होता. परीक्षक म्हणाले, 'आर यू शुअर?' मी म्हणालो, नाही सर. दुसऱ्या वेळी तेच, फक्त पेशंट वेगळा. माझ्यानंतर गेलेल्या नागपूरच्या मुलानं त्याच प्रश्नाला 'येस सर' म्हटलं आणि तो चहा प्यायला मोकळा झाला. त्याला माझ्यापेक्षा कणभरही जास्त येत नव्हतं.

आमच्या घरात मोठं माणूस दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा ते विचारत नसतंच. लहानाला आपलं बोलणं मागे घ्यायला ते जागा करून देतं. एका वर्षी पाऊस कमी झाला होता. मी शाळकरी होतो, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाबाजवळ उभा. त्यानं विचारलं, बोडीतलं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पुरन का? बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं, बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एकेक तुकडा. बोडीचा तळ मला दिसत होता. मी म्हणालो, "नाही पुरणार जी." बाबानं माझ्याकडे न बघता पुन्हा विचारलं, "नाही पुरणार?" मी म्हणालो, "पुरन जी." पाणी पुरलं नाही, खालच्या बांधीतला धान वाळला. त्यावरून घरात कोणी चकार शब्द काढला नाही. मी वळणाचा पोरगा आहे, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आमच्याकडे कोणावर कधी आलीच नाही.

हे ऐकून मॅडम हसत सुटली. "आमच्या घरी असं केलं असतं तर मिल विकून बसलो असतो आम्ही," ती म्हणाली. तुमसरच्या बाजारात धानाचा भाव सांगितला की समोरचा दुसऱ्यांदा विचारणारच. आपण तोच भाव पुन्हा सांगायचा, त्याच आवाजात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, गादीवर बसून ऐकून ऐकून आलं होतं. परीक्षेच्या खोलीत तिला फक्त घरच्यासारखं बोलायचं होतं. मीही घरच्यासारखंच बोललो होतो.

मग दर रविवारी तोच उद्योग. साकोलीकडचे आणखी दोघं डॉक्टर यायला लागले, तेही प्रॅक्टिकलमध्ये अडकलेले, तेही 'हो जी' वाले. मॅडम विचारायची, आम्ही उत्तर द्यायचो, ती पुन्हा विचारायची आणि आम्ही शेपूट घालायचो. वाचायचं काही नव्हतं, पुस्तकं पाठ होती. शिकायचं होतं ते एवढंच, की मोठ्या माणसानं पुन्हा विचारलं तरी तेच सांगायचं. सांगायला सोपं आहे. माझी मान आपोआप खाली जायची. मग मॅडमनी कोणाचा तरी जाड भिंगांचा चष्मा आणला, तो नाकावर चढवून मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता मी तुझा बाबा आहे असं समज. बोल." ते दोघं हसले. मला हसू आलं नाही. कितीतरी रविवार गेल्यावर एकदा माझ्या तोंडून निघालं, "हो, लागते. नक्की लागते." तिनं चष्मा काढला आणि चहा मागवला.

तिसऱ्या परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक चांगले वयस्कर होते, केस पांढरेशुभ्र. छातीची केस होती. मी उजवीकडे पाणी आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, 'शुअर?' मी म्हणालो, 'येस सर.' ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. संध्याकाळी एक्स-रे बघायला मिळाला. पाणी नव्हतं, फुप्फुस घट्ट झालेलं होतं. मी चुकलो होतो. आणि पास झालो. बरोबर होतो तेव्हा दोनदा नापास, चुकलो तेव्हा पास. आनंद करावा की डोकं फोडून घ्यावं ते समजेना, म्हणून काहीच केलं नाही. साकोलीकडचे दोघंही पुढे पास झाले. विभागात म्हणे, त्या बाजूच्या मुलांमध्ये अलीकडे कॉन्फिडन्स आला.

बाबाला सांगितलं तर तो म्हणाला, "झाला काय? बरं झालं." आणि गावभर सांगून आला.

पुढच्या वर्षी कापणीच्या तोंडावर तो एकटाच बस धरून भंडाऱ्याला आला. भात जात नाही म्हणाला. अंगातला सदरा दुसऱ्याचा असावा असा लोंबत होता. मी पोटाला हात लावला. हाताला जी गाठ लागली ती ओळखायला एम.डी. लागत नव्हतं. तरी नागपूरला नेलं, तुकडा काढून तपासला, माझ्या सगळ्या मास्तरांना दाखवलं. कोणी काही वेगळं बोललं नाही. बाबाला मात्र ते कोणी सांगितलं नाही. मुलगा डॉक्टर आहे, तो सांगेल, असं सगळ्यांनी धरलं.

रविवार होता, ओपीडी रिकामी. आम्ही जिथे परीक्षा खेळायचो त्याच खोलीतल्या बाकावर बाबा बसला होता, खांद्यावर दुपट्टा.

"बरा होईन का मी?" त्यानं विचारलं.

"नाही जी," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "नाही होणार?"

त्यानं जागा करून दिली होती, नेहमीसारखी. मला 'व्हाल जी' म्हणता आलं असतं. त्यालाही तेच हवं होतं, आणि मला तर हवंच होतं. पण मी शिकलो होतो.

"नाही जी. नक्की."

"बरं," बाबा म्हणाला. त्यानं दुपट्टा सारखा केला आणि दिघोरीवरून जाणारी लाखांदूरची बस किती वाजता आहे ते विचारलं. मी स्टँडवर सोडायला गेलो, खिडकीपाशी जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. बस सुटायला वेळ होता. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि तो खालच्या बांधीबद्दल, मजुरांबद्दल बोलत राहिला. पुन्हा एकदा विचारलं असतं तर मी सगळं मागे घेतलं असतं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.